एकविसावं वलय

परिपत्रक सोमवारी सकाळी आलं, आणि दुपारच्या जेवणापर्यंत केंद्रातल्या साडेतीनशे माणसांपैकी निम्मी तरी जिभेनं आपापले दात चाचपत होती.

सागरश्रवण केंद्र कोकणच्या किनाऱ्यावर, एका कातळी टेकाडावर होतं. समुद्राच्या तळाशी जागोजागी ठेवलेल्या ध्वनिग्राहकांचे आवाज तिथे अखंड येत, आणि त्या आवाजांतून परक्या पाणबुड्या ओळखून काढणं हे केंद्राचं काम होतं. डॉ. सानिका वाघधरे तिथे सतरा वर्षं होती. तिचं नाव झालं होतं ते कोळंबीमुळे. उथळ समुद्रात बोटभर लांबीची एक कोळंबी नांगी मिटून टिचकी वाजवते. अशा लाखो टिचक्या एकत्र झाल्या, की पाण्याखाली कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज चालू राहतो आणि पाणबुडीची घरघर त्यात बुडून जाते. ही तडतड बाजूला काढायची रीत सानिकानं शोधली होती. केंद्रात सगळे या रीतीला ‘वाघधरे गाळणी’ म्हणत. त्या गाळणीच्या जिवावर आता एक मोठा प्रकल्प उभा राहत होता आणि त्याची प्रमुख तीच होणार हे जवळजवळ ठरलं होतं. वरच्या श्रेणीची सुरक्षा-मंजुरी तेवढी मिळायची होती.

परिपत्रकात म्हटलं होतं, की यापुढे ही मंजुरी दंतवलय-वाचनावर दिली जाईल.

वलय-वाचन एव्हाना सगळ्यांना ऐकून माहीत होतं. दाताच्या मुळावर हाडासारखं एक पातळ कवच असतं. हाड आयुष्यभर झिजतं आणि पुन्हा भरतं, त्यामुळे त्यात जुनं काही टिकत नाही. दाताच्या मुळावरच्या या कवचाचं तसं नाही. त्यावर दर वर्षी एक नवा थर चढतो, आणि एकदा चढलेला थर शरीर पुन्हा मोडत नाही. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं दिसतात तशी ती दाताच्याही मुळाशी असतात. त्यावरून माणसाचं वय काढता येतं हे फार जुनं ज्ञान. नवं होतं ते यंत्र. रक्तात त्या वर्षी जे जे वाहत होतं, त्याचे अतिसूक्ष्म अंश त्या वर्षीच्या थरात अडकून पडतात. यंत्र केसापेक्षा कितीतरी बारीक लेझरनं एकेक थर उडवायचं, उडालेल्या कणांचं वस्तुमान मोजायचं आणि सांगायचं: या वर्षी याला हिवताप झाला होता, या वर्षी हिनं अमुक औषध घेतलं, या वर्षी तमुक नशा केली. त्यासाठी दात उपटावा लागत नसे. हिरडी बधिर करून सुईनं मुळाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढला की पुरे.

दोनच वर्षांत या यंत्रानं बरंच काही उलटंपालटं करून टाकलं होतं. खेळाडूंची पदकं परत गेली. लग्नं जमवणाऱ्या संकेतस्थळांवर पत्रिकेशेजारी ‘वलय-दाखला आहे’ अशी खूण दिसू लागली. धडधाकट माणसं दवाखान्यात जाऊन दात काढून द्या म्हणायला लागली, तेव्हा सरकारनं निरोगी दात काढायलाच बंदी घातली. सानिका हे सगळं बातम्यांत वाचायची आणि पान उलटायची.

परिपत्रकाच्या शेवटी एक सवलत होती. ज्यांनी पूर्वीच्या अर्जात काही लपवलं असेल, त्यांनी नव्वद दिवसांत दुरुस्तीपत्र भरावं. दुरुस्ती पूर्ण आणि खरी असेल तर जुन्या लपवाछपवीबद्दल कारवाई होणार नाही.

सानिकानं ते वाचलं, संगणक बंद केला आणि कातळावर जाऊन उभी राहिली. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या अर्जातला एकतिसावा प्रश्न तिला अक्षर न् अक्षर आठवत होता. ‘आपण कधीही प्रतिबंधित अंमली पदार्थाचे सेवन केले आहे काय?’ पुढे दोन चौकोन. तिनं ‘नाही’च्या चौकोनात बरोबरची खूण केली होती.

*

सानिका सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट. आदल्या वर्षी तिची आई गेली होती. विश्रामबागेतल्या मुलींच्या एका खासगी वसतिगृहात ती राहायची. तिला अभ्यासाला बसलं की काही सुचत नसे आणि आडवं झालं की झोप येत नसे. ओळखीतल्या एकानं तिला आधी जागं ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या. मग एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, पूड. ऑगस्ट ते मार्च, आठ महिने. त्या आठ महिन्यांत ती बारा किलो उतरली, दोन विषयांत नापास झाली आणि वडिलांशी फोनवर हसून बोलायला शिकली.

तिच्या खोलीत राहणारी प्रज्ञा कांबळे लॉ कॉलेजला होती. वडील एसटीत कंडक्टर, घर तासगावजवळच्या एका खेड्यात. प्रज्ञा बोलायला कमी. एका सकाळी तिनं सानिकाच्या उशीखालची पुडी संडासात ओतली, तिची बॅग भरली आणि तिला एसटीत बसवून गावी घेऊन गेली.

तिथे सानिका अठरा दिवस राहिली. प्रज्ञाची आई बेदाण्याच्या शेडवर निवडायच्या कामाला जायची. ती सानिकाला बरोबर न्यायची, समोर बेदाण्यांचा ढीग ओतायची आणि म्हणायची, “हातं थरथरत्यात तर थरथरू दे पोरी. बेदाणं निवडायला डोळं लागत्यात.” काय झालंय हे तिनं एकदाही विचारलं नाही. सानिका तिला मावशी म्हणायला लागली. अठरा दिवसांनी ती परत आली ती बरी होऊन. पुन्हा तिनं त्या पुडीला हात लावला नाही. तेव्हाही नाही, पुढेही कधी नाही.

पाच वर्षांनी केंद्रात निवड झाली आणि मंजुरीचा अर्ज आला. अर्जात जुन्या ओळखीच्या दोघांची नावं द्यायची होती, त्यांतलं एक सानिकाबरोबर राहिलेल्या व्यक्तीचं. सानिकानं प्रज्ञाला फोन केला.

“ते तुझ्याकडे येतील. विचारतील, ही कधी नशा करत होती का.”

“मग खरं लिही ना,” प्रज्ञा म्हणाली. “पाच वर्षं झाली त्याला. तू त्यातून बाहेर आलीस, तेही लिही.”

“घेणार नाहीत गं मला. कोण घेईल?”

“सानिका, मला लेखी जबाब द्यावा लागेल. सही करावी लागेल.”

“एकदाच. परत कधी काही मागणार नाही.”

 “बरं,” प्रज्ञा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. अधिकारी आला, त्यानं विचारलं, प्रज्ञानं ‘माझ्या माहितीप्रमाणे नाही’ असं लिहून सही केली. सानिकाला मंजुरी मिळाली.

त्यानंतर दोघींचं बोलणं कमी होत गेलं. सानिकाच्या लग्नाला प्रज्ञा आली, जेवली आणि फोटोला न थांबता गेली. पुढे ती न्यायाधीश झाल्याचं सानिकाला पेपरातून कळलं. तिनं अभिनंदनाचा निरोप पाठवला. उलट ‘धन्यवाद’ आलं. मोठी झाली, बदलली, असं सानिकानं स्वतःला समजावलं. ते समजावणं सोयीचं होतं.

*

नव्वदातले सत्तर दिवस तिनं काहीच केलं नाही. कामात बुडवून घेतलं. नवरा हृषीकेश चिपळूणच्या शाळेत भूगोल शिकवायचा; त्यानं दोनदा विचारलं, “बरं नाही का तुला?” तिनं दोन्ही वेळा दाढ दुखते म्हणून सांगितलं.

एकाहत्तराव्या दिवशी ती सुरक्षा अधिकारी दयानंद कुबल यांच्या खोलीत गेली. कुबल नौदलातून निवृत्त होऊन इथे आलेले, मालवणकडचे, मऊ आवाजाचे. त्यांच्या हाताखाली केंद्रातली प्रत्येक फाइल होती.

“आमच्या विभागातली मुलं घाबरलीयत,” ती म्हणाली. “कॉलेजात कुणी काही केलं असेल, तर त्यांनी काय करायचं?”

कुबलांनी तिला बसायला सांगितलं. “लिहायचं. एवढंच करायचं.”

“आणि लिहिलं की नोकरी जायची.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?” ते खरोखरच चकित झाले. “मी इथे एकवीस वर्षं आहे. या काळात सव्वाशेच्या वर लोकांनी त्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलं. कुणी गांजा, कुणी गोळ्या, दोघातिघांनी तर त्याहून वाईट. जुनी गोष्ट असेल, सुटलेली असेल, तर आम्ही डॉक्टरशी एक भेट घालून देतो आणि मंजुरी देतो. नाकारलेले चार. तेही चालू सवय होती म्हणून.”

सानिकानं विचारलं, “मग तो प्रश्न विचारता कशाला?”

“नशा शोधायला नाही विचारत, मॅडम. ज्या माणसाकडे लपवण्यासारखं काही आहे, त्याला कुणीतरी त्याच गोष्टीनं धरू शकतं. सांगून टाकलं की धरायला काही उरत नाही. आम्हाला तेवढंच बघायचं असतं.” ते हसले. “तुमच्या मुलांना सांगा, अजून एकोणीस दिवस आहेत.”

ती बाहेर आली. सव्वाशे माणसं. त्यांतली काही तिच्याबरोबर रोज चहा पीत असतील. ती माणसं ‘हो’ लिहून घरी जाऊन जेवली. आणि आपण? एका माणसाला खोटी सही करायला लावून आपण जे मिळवलं, ते खरं बोलूनही मिळालं असतं. सतरा वर्षं ती स्वतःशी म्हणत आली होती की दुसरा इलाज नव्हता. इलाज होता. प्रज्ञानं तो फोनवर सांगितलाही होता.

*

त्या रविवारी ती घाट चढून गेली. वरच्या एका तालुक्याच्या गावी प्रज्ञाची नेमणूक होती आणि राहायला सरकारी बंगला होता. सानिकानं आधी कळवलं नव्हतं. प्रज्ञानं दार उघडलं, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “ये.”

केस बरेच पांढरे झाले होते तिचे. बैठकीच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तिच्याखाली, चंदनाचा हार घातलेला, मावशींचा फोटो.

सानिकाला आधी अर्थच लागला नाही. मग ती म्हणाली, “कधी?”

“तीन वर्षं झाली वैशाखात.”

“मला कळवलं नाहीस?”

“कळवणार होते. फोन काढला होता.” प्रज्ञा पाण्याचा पेला घेऊन आली. “काय सांगणार? ती शेवटपर्यंत विचारायची, तुझी ती पोरगी कशी आहे, समुद्रावरची. मी म्हणायचे, मजेत आहे.”

सानिकानं पेला खाली ठेवला. ज्या कामासाठी आली होती ते बोलायची तिला लाज वाटली. पण न बोलून परत जाणं त्याहून वाईट होतं. तिनं सगळं सांगितलं. यंत्र, मुदत, कुबल, सव्वाशे माणसं.

प्रज्ञानं ऐकून घेतलं. साक्ष ऐकताना ऐकत असेल तशीच, मध्ये न बोलता.

“म्हणजे लिहिलं असतंस तर चाललं असतं.”

“हो.”

“मी म्हटलं होतं तुला.”

“हो, प्रज्ञा.”

प्रज्ञा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. “माझ्या कोर्टात दिवसाला दहा-वीस माणसं शपथ घेतात. ईश्वराची, नाहीतर संविधानाची. खरं सांगेन म्हणतात. मी त्यांच्याकडे बघते आणि दर वेळी तो कागद आठवतो. मी बदलले म्हणून तुझ्यापासून लांब गेले असं वाटलं ना तुला? तू दिसलीस की मला माझी सही दिसायची. म्हणून नाही आले.”

“तुझी जिल्हा न्यायाधीशाची बढती आहे ना आता?” सानिकानं विचारलं. “मी दुरुस्ती भरली तर तुझा जबाब खोटा ठरतो. ती सवलत कर्मचाऱ्यांना आहे, साक्ष देणाऱ्यांना नाही.”

“माहीत आहे. कायदा मीही वाचते.”

“मग मी काय करू?”

“सगळं लिही,” प्रज्ञा म्हणाली. “माझ्या नावासकट. मला माहीत होतं, मीच तुला गावी नेलं, आणि तू सांगितलंस म्हणून मी खोटं लिहिलं. अक्षर न् अक्षर.”

“आणि तुझं काय?”

“ते माझं मी बघीन.”

निघताना सानिकानं मावशींच्या फोटोला हात जोडले. प्रज्ञा फाटकापर्यंत आली नाही.

*

परतीच्या वाटेवर सानिका तेच ते शब्द घोळवत राहिली. ‘ते माझं मी बघीन.’ काय बघणार होती ती? कंडक्टरची मुलगी, गावातली पहिली न्यायाधीश. बढती जाईल, चौकशी बसेल, पेपरात नाव येईल. आणि हे सगळं कशासाठी? अठरा दिवस ज्या मुलीला तिनं सांभाळलं, त्या मुलीनं एका फोनवर मागितलेल्या एका सहीसाठी. या वेळी तरी आपण तिला वाचवायचं, असं घाट उतरता उतरता सानिकानं ठरवलं. आपली चूक आपल्यापाशी ठेवायची. तिला वाटलं, बऱ्याच वर्षांनी आपण काहीतरी चांगलं करतो आहोत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं हृषीकेशला अंगणात बसवून सांगितलं. तो भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. ऐकता ऐकता त्याचे हात थांबले.

“चौदा वर्षं झाली आपल्या लग्नाला,” तो म्हणाला.

“घाबरले होते रे.”

“कशाला? मी सोडून गेलो असतो?” त्यानं शेंगांची परडी बाजूला सारली. “तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला तू दर वर्षी दिवसभर बोलत नाहीस. मला वाटायचं, आईची आठवण. मी आपला चहा करून ठेवायचो आणि शाळेत जायचो. निदान काय चाललंय ते कळलं असतं, तर घरी थांबलो असतो एखाद्या वर्षी.”

 मग त्यानं विचारलं, “आणि त्या मैत्रिणीचं नाव लिहिणार आहेस?”

“नाही.”

“ती लिही म्हणाली ना?”

“तिनं म्हणावं, आपल्याला कळायला नको?”

हृषीकेशनं तिच्याकडे पाहिलं आणि परडी पुन्हा पुढे ओढली.

शहाऐंशीव्या दिवशी सानिकानं दुरुस्तीपत्र भरलं. आठ महिने, एमडी, आईचा मृत्यू, सुटका. सगळं खरं. फक्त एका ओळीत तिनं लिहिलं, ‘माझ्या सोबत राहणाऱ्या मैत्रिणीला याची कल्पना नव्हती. मी स्वतःच्या निश्चयाने यातून बाहेर आले.’

*

वाचन नव्वदाव्या दिवशी झालं. दातांच्या डॉक्टरनं हिरडीत सुई टोचली, मुळाचा कण काढला, आणि तासाभरानं पडद्यावर सानिकाचं आयुष्य उमटलं. फिकट आणि गडद पट्टे, एकाला एक लागून, एखाद्या कापलेल्या कांद्यासारखे. यंत्र चालवणारी मुलगी पेन्सिलीनं दाखवत होती.

“हे एकविसावं वर्ष. इथे मेफेड्रोनचे अंश आहेत. बाविसाव्यात काही नाही, पुढेही कुठे नाही. आणि हे विसावं बघा, किती बारीक आहे. शरीराला मोठा धक्का बसला की असं होतं. आजारपण असेल, उपासमार असेल, नाहीतर दुःख. कशानं ते यंत्राला नाही कळत.”

सानिका त्या बारीक पट्ट्याकडे बघत राहिली. तिथे तिची आई होती.

दुपारी कुबलांच्या खोलीत मुलाखत झाली. टेबलावर दोन फाइली होत्या. कुबलांनी दुरुस्तीपत्र वाचून दाखवलं आणि म्हणाले, “वाचनाशी जुळतंय. सांगितलंत ते बरं केलंत. एकच विचारायचंय. आठ महिने एका खोलीत राहून मैत्रिणीला काहीच कळलं नाही?”

“नाही.”

“बारा किलो वजन उतरलं, तरी?”

“ती अभ्यासात असायची. लॉ कॉलेज लांब होतं.”

कुबलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मॅडम, पुन्हा विचारतो. दुरुस्ती अजून तुमच्या हातात आहे. आज सहापर्यंत मुदत आहे. या पत्रात काही बदलायचंय?”

तो प्रश्न का आहे हे सानिकाच्या लक्षात यायला हवं होतं. आयुष्यभर तिनं तडतडीखालचा बारीक आवाज ओळखला होता. पण त्या क्षणी तिला फक्त प्रज्ञाचे पांढरे केस दिसत होते.

“नाही,” ती म्हणाली. “तिला काही माहीत नव्हतं.”

कुबलांनी दुसरी फाइल उघडली आणि एक पत्र तिच्यासमोर सरकवलं. प्रज्ञाचं अक्षर तिनं लांबूनच ओळखलं. वसतिगृहात खोलीच्या दारावर कामाच्या पाळ्या याच अक्षरात लागायच्या. पत्र उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांना लिहिलं होतं, प्रत केंद्राला. तारीख सोमवारची, सानिका भेटून आली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. सतरा वर्षांपूर्वी मी जाणूनबुजून खोटा जबाब दिला. मला सर्व माहीत होते. मी स्वतः तिला गावी नेले. याबाबत डॉ. वाघधरे आपल्या दुरुस्तीपत्रात लिहितीलच, तरी माझी बाजू मी स्वतंत्रपणे कळवत आहे.

‘लिहितीलच.’ सानिकानं तो शब्द परत परत वाचला.

“हे काल पोचलं,” कुबल म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही मऊ होता, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हता. “मी तुम्हाला दोनदा विचारलं.”

“मी तिच्यासाठी—”

“कळतंय मला. पहिलं खोटं तुम्ही स्वतःसाठी बोललात, तेव्हा पंचवीस वर्षांच्या होतात. ते मी पुसलं असतं. हे मैत्रिणीसाठी बोललात, आणि माणूस म्हणून मला तुमचा राग येत नाही. पण विचार करा. उद्या कुणी तुमच्याकडे येऊन म्हणालं, तुमच्या मैत्रिणीची गोष्ट बाहेर काढतो, नाहीतर त्या प्रकल्पातला एक नकाशा द्या. तुम्ही काय कराल?”

  तिला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे कुबलांना दिसत होतं.

*

मंजुरी रद्द झाली. नवी तर नाहीच, होती तीही गेली. मंजुरीवाचून केंद्राच्या फाटकातही पाऊल टाकता येत नसे, तेव्हा शुक्रवारी दुपारी तिनं ओळखपत्र दिलं, आणि तिचं सामान एका पहारेकऱ्यानं मोजून बाहेर आणून ठेवलं. गाळणी तिथेच राहिली. ती चालतच होती, तिच्याशिवायही. प्रकल्पाचा प्रमुख म्हणून दुसऱ्या कुणाची नेमणूक झाली, आणि तिच्या कानावर आलं की ज्यांनी कधीतरी ‘हो’ लिहिलं होतं, त्यांतलाच तो एक आहे.

प्रज्ञाची चौकशी पाच महिने चालली. स्वतःहून कबुली दिली, आणि जबाब दिला तेव्हा ती न्यायाधीश नव्हती, हे तिच्या बाजूनं धरलं गेलं. लेखी ताकीद मिळाली आणि बढती तीन वर्षं मागे गेली. खुर्ची राहिली. सानिकाला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. सानिकाच्या खोट्याची तिला गरजच नव्हती.

त्या पाच महिन्यांत सानिकानं तिला चौदा वेळा फोन केला. प्रज्ञानं एकदाही उचलला नाही. सानिका रत्नागिरीच्या बाजूला एका मत्स्य महाविद्यालयात शिकवायला लागली. मुलांना पाण्याखालच्या आवाजांवरून माशांचे थवे कसे ओळखायचे ते सांगायची. मुलं चांगली होती. घरी हृषीकेश चांगला होता. तो पूर्वीसारखाच बोलायचा, फक्त तिनं “काही नाही” म्हटलं की आता थोडा वेळ थांबून तिच्याकडे बघायचा, आणि ते तिला सोसावं लागायचं.

मार्चमधल्या एका दुपारी, तास संपवून ती खडूचे हात धूत असताना, फोन वाजला. प्रज्ञाचं नाव होतं. सानिका ओल्या हातानंच व्हरांड्यात आली.

“बोल,” प्रज्ञा म्हणाली. “चौदा वेळा काय सांगायचं होतं?”

“चुकले मी.”

“कुठे चुकलीस ते माहीत आहे?”

“तुझं नाव वगळलं. तुला वाचवायला गेले.”

“ते नाही.” प्रज्ञाचा आवाज थकलेला होता. “पहिल्या वेळी खोटं मागायला निदान फोन केला होतास. मी ‘नाही’ म्हणू शकले असते. म्हटलं नाही, तो माझा दोष. या वेळी मी तुला तोंडानं सांगितलं, लिही म्हणून. तरी तू तिकडे जाऊन माझ्या वतीनं परस्पर खोटं बोललीस. मी एवढी वर्षं ज्यातून सुटायला बघत होते, त्यातच मला परत ढकललंस. आणि तुला वाटलं, उपकार करतेय.”

 सानिकाकडे सांगण्यासारखं जे जे होतं, ते सगळं स्वतःची बाजू घेणारं होतं. तिनं ते गिळलं.

“खरं आहे,” ती म्हणाली.

पलीकडे प्रज्ञाच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

“राग आहे का अजून?” सानिकानं विचारलं.

“आहे.”

“किती दिवस राहील?”

“ते मला काय माहीत?” प्रज्ञा म्हणाली.  “पण फोन करत जा. उचलीन.”